जहाज कोणाकडे होतं?

आमच्या ह्यांचं जहाज वाळूत रुतलं, आणि माझा कोणावर म्हणून विश्वास राहिला नाही. शेजारचे कमांडर रोज विचारपूस करायला यायचे. विचारपूस कसली, कान टवकारून बसायचे. त्यांच्या बायकोने तर आमच्या खिडक्यांचं माप विचारलं, पडद्यांसाठी. म्हटलं, बाई, अजून आमचं बिऱ्हाड हललेलं नाही.

ह्यांचं सगळं आयुष्य नौदलात गेलं. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले. पहिल्या सफरीत म्हणे बादली पोटाशी धरून पडून होते. तिथून एकेक पायरी चढत कप्तान झाले. मुलगी जन्मली तेव्हा समुद्रात, तिचा पहिला दात पडला तेव्हाही समुद्रात. मी कुरकुरले नाही असं नाही, भरपूर कुरकुरले. पण पांढऱ्या गणवेशात हे जिना उतरायला लागले की माझाच ऊर भरून यायचा.

आता सगळं एका वाक्यावर येऊन अडलं होतं. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर ताबा ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याकडे असतो. कप्तान नुसता येऊन उभा राहिला म्हणून तो बदलत नाही. त्याने मोठ्याने म्हणायचं, "जहाज माझ्याकडे." तिथून पुढचं बरंवाईट त्याचं. हे चौकशीत म्हणाले, मी ते बोललोच नाही. ड्यूटीवरचा लेफ्टनंट म्हणाला, साहेब बोलले. सुकाणू धरणाऱ्याने इंजिनाच्या आवाजावर ढकलून अंग काढून घेतलं. दोघांतल्या एकाची नोकरी जाणार हे उघड होतं.

माझा संशय त्या लेफ्टनंटवर. केस चप्प बसवलेला, जिभेवर साखर. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! एका सकाळी हे कचेरीत गेलेले असताना तो दारात उभा राहिला. साहेबांना एकदा भेटू द्या, म्हणाला. मी त्याला उंबऱ्यावरच झाडला. म्हटलं, माझ्या नवऱ्यावर आळ घेतोस? अरे, ह्या घरात माझ्या हातातून लेक घेतानासुद्धा ते "मुलगी माझ्याकडे" म्हटल्याशिवाय घ्यायचे नाहीत. गरम पातेलं असो, गाडीची किल्ली असो, तेच. आम्ही मायलेकी नकला करतो त्यांच्या. इतक्या वर्षांत एकदा चुकले नाहीत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मग मॅडम, त्याच दिवशी कसे चुकतील?"

तो जिना उतरून गेला तरी मी दार धरून उभी होते.

दुपारी हे आले. पाणीसुद्धा न देता मी विचारलं, "अहो, तुम्ही म्हणाला होतात ना?"

हे बुटाची नाडी सोडत बसले. बराच वेळ सोडत होते. मग मान वर न करता म्हणाले, "घरातली ती सवय तू कोणाला सांगितली नाहीस ना?"

"सांगितली," मी म्हटलं. "त्या लेफ्टनंटलाच."

त्यांनी नाडी परत बांधली आणि आले तसे कचेरीत गेले. तिथे त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. जहाज गेलं, गणवेश गेला, त्या लेफ्टनंट पोराची नोकरी वाचली. लोक म्हणतात, माणूस कसा सरळ! मीही मान हलवते. पण ते मनाने गेले की माझं तोंड उघडलं म्हणून गेले, हे विचारायची छाती मला अजून झालेली नाही.