एकशे बारा कंपन्यांचे काका

आमच्या ऑफिसात चहा देणारे काका एकशे बारा कंपन्यांचे संचालक होते. थट्टा करत नाही, सरकारी नोंद आहे.

परदेशातले व्यापारी या शहरात कंपनी काढायला येतात, कारण इथे कर कमी आणि चौकश्या त्याहून कमी. आम्ही दोन दिवसांत कंपनी उभी करून देतो: नाव मंजूर, शिक्का तयार, बँकेत खातं, आणि आमच्याच दाराबाहेर त्यांच्या नावाची बोटभर पाटी. एकच अडचण असते. कायद्याने एक तरी संचालक इथला रहिवासी लागतो. व्यापाऱ्याला इथे राहायचं नसतं आणि आमच्या साहेबांना स्वतःचं नाव कुठेच नको असतं. मग उरतात काका. वीस वर्षं इथे काढलेली, कागदपत्रं चोख, आणि कुणाला नाही म्हणणं जन्मात जमलं नाही.

फाइल मी तयार करायचे. सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारायचे. काका ट्रे खाली ठेवून ओले हात पँटला पुसायचे आणि फुलीवर सही करायचे. मग मी फुली खोडायचे. काय लिहिलंय ते त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी वाचून दाखवलं नाही. "पोरी, तू फुली मारलीस म्हणजे झालं," म्हणायचे. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आज सांगतानाही लाज वाटते.

"डायरेक्टर, दोन चहा!" अशी हाक आम्ही मारायचो, तेही हसायचे. मायदेशी, घरी काकूंना त्यांनी त्या पाट्यांचा फोटो पाठवला होता. काकूंनी लगेच आळीभर सांगून टाकलं, आमचे हे तिकडे मोठे साहेब झालेत. "खरं कशाला सांगू तिला?" काका म्हणायचे. "दम्याने बेजार झालेली बाई. तेवढंच सुख."

मग एक दिवस डॉक्टरांचा निरोप आला: काकूंचे फार तर आठ-दहा दिवस. काकांनी तिकीट काढलं, सकाळी निघाले आणि दुपारी बॅगेसकट ऑफिसात परत आले. विमानतळावर अडवलं होतं. आम्ही काढून दिलेल्या एका कंपनीने बनावट औषधं विकली होती. मालक पसार झाला होता, आणि कागदावर उरले होते एकटे काका. चौकशी संपेपर्यंत कंपनीचा एक तरी संचालक देशात हजर हवा. दुसऱ्या कुणी जागा घेतली, तर यांना जाता येईल.

साहेबांनी कानावर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी काकांनी बदलीचा अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला. "फुली मार." मी मारली, त्यांनी सही केली. खाली नव्या संचालकाचा रकाना होता. "इथंही मार." तिथेही मारली.

"इथं कोण गं करेल सही?"

मीही इथली रहिवासी आहे. अकरा वर्षं झाली. पण मुलीची शाळा, नवऱ्याची नोकरी, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि माझी पाचावर धारण बसली. "बघते कुणीतरी," मी म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग रिकामे कप गोळा करून गेले.

नऊ दिवस तो अर्ज माझ्या खणात होता. मी कुणालाही विचारलं नाही. काका रोज दुपारी मोरीपाशी उभे राहून काकूंशी फोनवर बोलायचे. "अगं, मोठी मीटिंग चाललीय. संपली की निघालोच." पलीकडून नुसती धाप ऐकू यायची. दहाव्या दिवशी फोन काकूंच्या भावाने उचलला.

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर आले. टपाल फोडलं, चहा दिला. साहेबांनी पाठीवर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि नवी फाइल पुढे केली. काकांनी फुल्या शोधून शोधून सह्या केल्या. मग माझ्या टेबलापाशी आले.

"तो अर्ज आहे ना खणात?"

मी मान हलवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यातली खालची फुली खोडून टाक, पोरी," ते म्हणाले. "आता मला कुठं जायचं नाही. तू उगाच जिवाला घोर लावून घेतलास."