पंचनाम्यासाठी राखलेलं उघडं घर

वादळानं वाटूरच्या आमच्या घरावरचे पत्रे उडवून पलीकडच्या रानात टाकले. शेजारच्या अडाण्यांनी अंधार पडायच्या आत आपापले पत्रे शोधून आणले, ठोकले, वर दगडही ठेवले. मी पडलो शिकलेला माणूस. बायकोला बजावलं, "पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा न्हाई."

घरात पेरणीसाठी राखलेल्या सोयाबीनच्या गोण्या होत्या. तिनं त्यांच्यावर ताडपत्री टाकली, तर मी ती ओढून काढली.

"अवो, बियाणं भिजंल ना!"

"आन् साहेबाला काय दाखवू, ताडपत्री?"

साहेबांच्या आधी पाऊस आला. बियाण्याला गोण्यांतच मोड फुटले. मग आभाळ स्वच्छ झाल्यावर, चिखलही वाळल्यावर, साहेब इस्त्रीच्या कपड्यांत अवतरले. उघड्या छताखाली उभं राहून त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला.

"पत्रे वादळात गेले, ते बराबर. बियाणं मात्र पावसानं भिजलंय. पावसाचं पथक वेगळं असतं, येईल ते."

जीप निघून गेली. बायको म्हणाली, "मंग त्या पथकासाठी घर असंच उघडं ठेवायचं का?"

तिनं टोमणा मारला होता. मी खरोखरच विचारात पडलो.