कोथिंबिरीच्या चालीवरचं इंग्रजी

पंचवटीच्या भाजीबाजारात एक कोथिंबीरवाला बसायचा. आवाज असा, की रामकुंडावरच्या गुरुजींचा मंत्र चुकायचा. शप्पथ! पण तो भाव ओरडत नसे. जुडी हलवत, भाजी विकायच्या चालीवर म्हणायचा, "गो-वेंट-गॉन! ईट-एट-ईटन!" नवी गिऱ्हाइकं ही मेथीची परदेशी जात समजून भाव विचारायची. पुढ्यात शाळेची जुनी वही उघडी, वर वजन म्हणून बटाटा.

"काका, परीक्षेला बसताय का?" मी चिडवलं.

"पोरीची वही हाय. लय हुशार होती. मीच दहावीनंतर शिकू दिलं नाय, नांदगावला देऊन टाकली. नागपंचमीला माहेरी आली की समदी म्हणून दाखवनार. बापाला चूक कळली, एवढं तरी तिला कळंल."

पंचमीनंतर गेलो, तर बाजारात मुंगीची पावलं ऐकू यावीत इतकी शांतता.

"म्हणून दाखवलीत का?"

"दाखवली की. शेवटपर्यंत ऐकली तिनं. मग म्हणली, आप्पा, मला यातलं आता काहीच येत नाय."

त्यानं कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं. शिंपडताना दुसरा हात वहीवर आडवा धरला होता.