दुधासारखी पांढरी लडी

मंगळवार, पौष महिना, १९५६. वर्गात हजर: मी, रिबकाबाई, हिरा. त्या दिवसाचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरातही नाही. तुम्हाला का सांगते आहे? आता पेलवत नाही म्हणून असेल.

पनवेलच्या आमच्या बायकांच्या वर्गात रिबकाबाई लेस शिकवायच्या. उशीवर टाचण्या, टाचण्यांभोवती सूत, सुताच्या टोकांना लाकडी बॉबिनी. सामान माझ्या ताब्यात. माझी यादी कधी चुकत नाही, असं सगळ्या म्हणायच्या — मीही.

सुताची कोरी लडी पांढरी करायला साबणाच्या पाण्यात मंद उकळायची, तीनदा धुवायची, सावलीत वाळवायची. चार दिवस लागतात. रिबकाबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या ज्यू रीतीप्रमाणे नवरीची साडी पांढरी; तिची किनार हिरा विणणार होती. हिरा उरणजवळच्या करंजाची कोळीण. पनवेलला मावशीकडे राहून शिकत होती. किनार जमली की रिबकाबाई तिला मदतनीस म्हणून कायमची ठेवून घेणार होत्या.

आणि लडी उकळायची मी विसरले. मी!

विहिरीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर घरात होती. बादलीत ओतली — किती, ते मोजलं नाही. दुपारभर लडी त्यात. दुधासारखी पांढरी निघाली. धुतली एकदाच. वाळवली उन्हात.

मंगळवारी हिरानं धागा कानाशी धरून झटक्यानं ओढला. "बाय, ह्या सुतान जीव नाय ऱ्हायला. जाल्याचं सूत आमी असंच वढून बगतो, चांगलं आसल तं वाजतं."

"हिरा, लेस विणायची आहे, पापलेटं नाही धरायची," मी म्हटलं. रिबकाबाई हसल्या. हिराही हसली, आणि विणायला बसली. तेव्हा सांगता आलं असतं की नाही? आलं असतं.

ती सव्वा महिना विणत होती. लग्नाच्या दोन दिवस आधी किनार धुवायला कोमट पाण्यात बुडवली, तर ओल्या शेवयांसारखी तुटत गेली. रिबकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हटलं, "हिच्या हातांना मीठ असतं. मासळी खारवून सुकवणारे हात. तिला ठाऊक होतं, म्हणून तर आधीच सुताला नावं ठेवली."

तिनं दिलेला इशारा मी तिच्यावरच उलटवला. रोज ती शिकेकाईनं हात धुवून, तांदळाचं पीठ चोळून बसायची. ते माझ्याइतकं नीट कुणी पाहिलं होतं?

"माजं हात?" एवढंच ती म्हणाली. तळवे उलटेसुलटे करून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी उरणच्या एस.टी.त बसली. वर्गात पुन्हा आली नाही. तिच्या जागेवर कुणाला घ्यायचं, याचीही यादी मीच केली.

आठ वर्षं झाली. येत्या सोमवारी रिबकाबाई इस्रायलला निघाल्यात, कायमच्या. त्या लडीतलं उरलेलं सूत माझ्या ट्रंकेत आहे. आज सकाळी एक धागा कानाशी धरून ओढला. आवाजही न करता तुटला.

आजची यादी. रिबकाबाईंच्या पेट्यांना काथ्या — झालं. वाटेसाठी चिवडा — झालं. वर्गाच्या किल्ल्या परत घेणे — झालं. रिबकाबाईंना लडी दाखवणे, मग करंजाला जाणे —