उभा मुळा मी आज मातीत गाडला

मंडळी, आज अख्ख्या कडाव गावानं मला वेडी ठरवलंय.

गेल्या साली सूत्रकृमींनी, म्हणजे मातीतल्या बारीक किड्यांनी, माझ्या वांग्यांची मुळं खाल्ली. म्हणून यंदा भात निघाल्यावर तिथं मुळा पेरला. कोवळा असतानाच गाडला की हे किडे कमी होतात.

सकाळी पॉवर टिलर सुरू केला, तर सासरे आडवे उभे.

"खायचा मुळा मातीत घालतीस? लोकं तोंडात शेण घालतील गं!"

मी वांग्याचं जुनं वाळकं झाड त्यांच्या हातात दिलं. मुळांना त्या किड्यांच्या गाठीच गाठी.

"मामंजी, तेव्हा लोकं कुठं होती?"

ते बाजूला झाले. मी टिलर फिरवला.

इतक्यात शेजारीण जुडी मागायला आली. मामंजीच खेकसले, "भाजी नाय ती! जमिनीचं औषध हाय."

तर मंडळी, वेडी म्हणा खुशाल. आता घरात वेडे आम्ही दोघं आहोत.