वगळलेली चौथी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वाण्याचं सामान, मुलांच्या लशींच्या तारखा, कुणाची वाटी कुणाकडे राहिली — सगळं लिहून ठेवणारी मी. हे मात्र कुठेच लिहिलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्यात आमच्या समोरच्या दारात सुनंदा राहायची — आगरी, हसरी, अक्षरओळख नसलेली. सोसायटीचं महिला मंडळ मी चालवायचे. बायका जमायच्या मात्र तिच्या उंबऱ्याशी. माझ्या स्वयंपाकाला सतरा वर्षं "ठीक आहे" म्हणणारे आमचे हे, तिने दिलेली बांबूच्या कोंबांची भाजी वाटी पुसून खायचे. एकदा म्हणाले, "शिकून घे जरा तिच्याकडून." गेले मी — वही घेऊन. आतून किती जळत होते, ते कुणाला दिसणार?

"पयलं पानी फेकाचंच, ताई," सुनंदा म्हणाली. "उकलाचं, फेकाचं, परत उकलाचं. ईख हाय त्यान."

लिहून घेतलं. ओळ चौथी.

पुढे मंडळातर्फे पावसाळी भाज्यांचा कागद वाटायचं ठरलं. तिची कृती उतरवताना मी चौथ्या ओळीशी थांबले. भाजी कडू होईल, बायका तोंड वाकडं करतील — एवढंच मनात होतं, असं म्हणू का? पण ईख म्हणजे विष, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. ओळ गाळली, पुढचे आकडे नीट लावले, वीस झेरॉक्स काढल्या.

"पान्याचं लिवलं ना, ताई?" तिने विचारलं. कागद समोर धरून मी तिला ती ओळ वाचून दाखवली — जी त्यावर नव्हतीच.

तीन घरांत उलट्या, चक्कर. पहिल्या मजल्यावरच्या आजींना दोन दिवस सलाइन. कच्च्या कोंबातून सायनाइड तयार होतं, उकळून पाणी फेकलं की ते जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्या जणी सुनंदाच्या दारात.

"ताईंनी मना वाचून दाखवलं व्हतं," ती म्हणाली.

"कागदावर तसं काही नाही," मी म्हणाले. "तू सांगितलंच नाहीस."

तिने कागदावरून नजर माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "मंग मीच इसरले आसन."

आजी बऱ्या झाल्या. सुनंदाने पुन्हा कुणाकडे वाटी पाठवली नाही. बायका माझ्याकडे जमू लागल्या — आणि मला ते आवडलं.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. चौथी ओळ स्वच्छ वाचता येते.