चिमटीत आलेला चिरूट

उजवा हात गेला तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो चमच्याचा. लकव्याचा झटका तसा हलका होता. पाय सुधारला, जीभ तर लगेच शिव्या द्यायला मोकळी झाली, पण बोटं काही ऐकेनात. भाताच्या मुलखात जन्म गेला माझा. आमटीभात हातानं कालवून ओरपायचा, तर आता बायको चमच्यानं घास भरवणार अन् मी आ करून बसणार! पंगतीला जाणंच मी बंद केलं. आमच्या माण गावात कुणी विचारलं, "काय, दिसत न्हाई कुटं?" की म्हणायचो, "कामात हाय." डोंबलाचं काम! जमीन आयटी पार्कात गेलेली, तिच्या पैशातून खोल्या बांधलेल्या, अन् मी जिन्याखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचो. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनं दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मी कुत्र्याला फेकून मारला.

वरच्या खोलीत निपाणीकडचा भाडेकरू राहतो. पस्तिशीचा, लॅपटॉपवाला, वडलांची तंबाखूची शेती. एका रविवारी तो गच्चीत पाट मांडून पानं वळत बसलेला दिसला.

"काय रे, बिड्या का?"

"नाही काका, चिरूट. घरी वळायला शिकतोय."

मोबाइलमध्ये बघायचा, वळायचा, अन् त्याचा तो चिरूट तळणीतल्या करंजीसारखा फुटायचा. मला हसू आवरेना. "आरं, भाताची पेंढी तरी बांधलीयस का कदी? सर तिकडं!" म्हणालो खरं, पण हात कुठं होता? डाव्यानं पान धरलं, उजव्यानं नुसतं रेटलं. टर्रकन फाटलं. त्यानं दुसरं पान पुढं केलं. चेंडू हातात घेताना जे कधी वाटलं नाही ते तेव्हा वाटलं, की हे आपल्याला जमलं पाहिजे.

मग दर रविवारी आमचा गच्चीत कारखाना. पानाची मधली शीर काढायची. चिरूटाच्या पोटात एक पान तिखट, एक सौम्य, एक नीट जळणारं. घट्ट वळला तर धूर ओढवत नाही, सैल वळला तर उकलतो. वरून ओलसर, अखंड पान तिरकं फिरवत न्यायचं अन् शेवटी डिंकाच्या पाण्यानं चिकटवायचं. मला ओढायची डॉक्टरांची सक्त मनाई. तो ओढायचा अन् मी त्याच्या तोंडाकडं बघायचो. बहुतेक वेळा तो खोकायचा.

हे वरचं अखंड पान म्हणजे सोनं. एका खेपेला त्यानं गावाहून निवडून आणलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या स्वयंपाकघरात ठेवली. आमची बायको मिश्रीवाली. भाजक्या तंबाखूची ती पूड दातांना लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही. फडकं उघडून बघते तर काय, घरात तंबाखू! तिला वाटलं, वरच्या पोरानं आपल्यासाठीच आणलाय. तिनं तवा ठेवला अन् पानं भाजायला घेतली. वास आला तसे आम्ही धडपडत खाली.

"अगं ए, काय केलंस हे!"

"वरडताय कशापायी? मिश्री करतीया. लई झ्याक पान हाय."

भाडेकरू मटकन खालीच बसला. मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात त्याला हसू फुटलं, मग मला, मग तिलाही. फडक्यात तळाला एकच पान उरलं होतं. ती ओशाळली, पण हार मानते होय? भाजलेलं पान चुरून ती आमच्यामागं गच्चीत आली अन् त्यातली चिमूटभर पोटातल्या पानांवर टाकली. "ह्ये घालून बगा. नुसती हिरवट चव काय कामाची?"

भाडेकरूनं ते शेवटचं पान माझ्यापुढं सरकवलं. "काका, तुम्ही वळा."

"आरं, फाटलं तर?"

"तर फाटलं."

पोट जमवलं, पान तिरकं लावलं. डाव्यानं हळूहळू गोल फिरवत नेलं, अन् उजव्याच्या अंगठ्यानं नि बोटानं कड धरली. धरली म्हणजे खरंच धरली, चिमटीत. सुटली नाही. टोकाला डिंक लावून खाली ठेवला तेव्हा चिरूट एका बाजूनं जरा पोट सुटलेला होता, पण अखंड होता. भाडेकरूनं पेटवला, झुरका घेतला अन् खोकला नाही. "काकू, भाजकी चव मस्त उतरलीय!" बायकोची मान अशी ताठ झाली की विचारू नका.

दुपारी भाडेकरूही आमच्याकडंच जेवायला थांबला. ताट आलं. तिनं सवयीनं चमचा उचलला. मी म्हणालो, "थांब." बोटं आमटीभातात घातली. बऱ्याच दिवसांनी बोटांना भात गरम लागला. मी रडलो, सरळ सांगतो. कसाबसा कालवला, घास केला. इतके दिवस मला भरवून ही मागनं गारढोण जेवत होती. तो पहिला घास मी तिच्या तोंडापुढं धरला.

"अवं, काय ह्ये! पोरगं बगतंय की."

"बगू दे."

तिनं खाल्ला. डोळे पुसत चावला, गिळला, अन् मग म्हणाली, "आमटी समदी हातालाच लागलीया. भात कोरडाच हाय." अन् दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.